मीटर पळतोय म्हणण्याआधी दहा मिनिटं एक बल्ब लावून बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मिरजेत तळमजला आणि वर एक मजला असं तुमचं घर, सगळं एकाच मीटरवर. मार्चमध्ये जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला. एप्रिलचं बिल आलं 168 युनिटांचं, साधारण 1750 रुपये. मेचं आलं 412 युनिटांचं, साडेपाच हजारांच्या वर. शेजारी म्हणतात नवा मीटर पळतो. सोलरवाला म्हणतो 5 किलोवॅट बसवा, बिल शून्य. भाचा म्हणतो आधी सगळे पंखे बदल. पेन्शनमधून एकदाच काय तो खर्च झेपणार आहे, तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

मी 26 वर्षं सांगली-मिरज भागात घरगुती वायरिंगची कामं करतो, अलीकडे सोलरचीही करतो. माझं उत्तर असं, की या महिन्यात काहीही विकत घेऊ नका. आधी मोजा. मोजायला फक्त 60 वॅटचा एक जुना पिवळा बल्ब लागेल आणि रविवारची सकाळ लागेल.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य जाता जाता आलंय, की मुलगा-सून आणि नातवंडं महिनाभर आली होती आणि वरचा एसी लावला होता. मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. आणि मीटर मार्चमध्ये बदलला म्हणजे एप्रिलचं बिलही याच मीटरने मोजलंय. मीटर पळणारा असता तर एप्रिलमध्येही पळाला असता. महिन्याचे 168 युनिट म्हणजे एक फ्रिज, तीन-चार पंखे, टीव्ही, सकाळचा गिझर असलेल्या दोन माणसांच्या घराचा अगदी नेहमीचा वापर. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यात गेल्या वर्षीचा एप्रिल बघा. तोही 150 ते 180 च्या घरात असेल तर मीटरवरचा निम्मा संशय तिथेच मिटतो.

आता एसीचा हिशेब. तुम्ही लिहिलंय की तो दीड टनाचा, 2013 साली घेतलेला, इन्व्हर्टर नसलेला आहे. असा एसी कॉम्प्रेसर चालू असताना दीड-पावणेदोन किलोवॅट खातो. दुपारी दोन तास आणि रात्री सात तास लावला, त्यातले पाच तास कॉम्प्रेसर प्रत्यक्ष चालला असं धरा. दिवसाला आठ-सव्वाआठ युनिट झाले. तीस दिवसांचे 245 च्या आसपास. तुमच्या दोन बिलांतला फरक आहे 244 युनिटांचा. इतका नेमका मेळ दर वेळी बसत नाही, पण हिशेब कुठल्या दिशेने जातो ते यावरून कळतं.

तरी तुमच्या मनात राहील, की वापर अडीचपट झाला तर बिल तिप्पट का? हे टप्प्यांमुळे होतं, आणि ते नीट समजून घेतल्याशिवाय पंखा, एसी, सोलर यातलं काहीही घेण्यात अर्थ नाही. महावितरणचे घरगुती टप्पे 100 युनिटांपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या वर असे आहेत. 2024-25 च्या दरपत्रकाने हिशेब मांडतो. दर पुढे बदलत राहतात, शिडी अशीच असते. वीज आकार आणि वहन आकार मिळून पहिल्या टप्प्यात युनिटला सुमारे 6 रुपये, दुसऱ्यात साडेअकरा, तिसऱ्यात पावणेसोळा. त्यावर स्थिर आकार, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक कमीजास्त होतो, तो सध्या बाजूला ठेवू.

तुमच्या 412 युनिटांपैकी पहिल्या शंभराचे शुल्कासकट 700 रुपयेही होत नाहीत. आणि शेवटच्या 112 युनिटांचे दोन हजारांच्या वर होतात. एकाच घरातली, एकाच तारेतून आलेली वीज, पण शेवटचं युनिट पहिल्याच्या अडीचपटीहून महाग. म्हणून मे महिन्यात रोज दोन युनिट वाचवले तर महिन्याला अकराशे रुपये वाचतात, आणि डिसेंबरमध्ये तेवढेच वाचवले तर त्याचे इतके पैसे होत नाहीत. कुठलंही यंत्र बदलायचं तर ते कुठल्या टप्प्यातली युनिटं खातंय, हे आधी बघायचं.

बिल किती दिवसांचं आहे तेही पाहा. चालू आणि मागील रीडिंगच्या तारखा छापलेल्या असतात. रीडिंग चार दिवस उशिरा घेतलं तर टप्प्यांची मर्यादाही त्या दिवसांच्या प्रमाणात वाढवून धरायची असते. चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी घर बंद किंवा मीटर नादुरुस्त असा शेरा असेल, तर ते बिल सरासरीने काढलेलं असतं आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आणखी एक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सुरक्षा ठेवीच्या फरकाचं वेगळं बिल येतं. ठेव आता सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी धरतात. ते नेहमीच्या बिलासोबत हातात पडलं की दोन्ही मिळून वीज महागली असं लोकांना वाटतं. ती तुमचीच जमा रक्कम असते, तिच्यावर व्याज मिळतं.

आता बल्बची चाचणी. मीटरच्या तोंडावर बारीक अक्षरांत एका युनिटला किती पल्स ते छापलेलं असतं, बहुतेक मीटरवर 3200. म्हणजे एक युनिट मोजताना लाल दिवा 3200 वेळा लुकलुकतो. आधी घरातलं सगळं बंद करा. नुसती बटणं बंद करून चालणार नाही. फ्रिजचा प्लग काढा, लाइट गेल्यावर चालणारा बॅटरीचा इन्व्हर्टर असेल तर तो सोडवा, सेटटॉप बॉक्स, राउटर, पाण्याच्या फिल्टरचा प्लग, सगळं काढा. मग मेन स्विच खाली ओढा आणि पाच मिनिटं मीटरसमोर उभ्या राहा. दिवा लुकलुकायला नको. लुकलुकला तर मीटर आणि मेन स्विच यांच्यामध्ये कुठेतरी वीज जाते आहे. मिरजेतल्या एका जुन्या वाड्यात मला अशीच एक तार सापडली होती. जिन्याखालून गेलेली, चुन्याने रंगवलेली, आणि पलीकडच्या भागातल्या आडावरच्या मोटरला जोडलेली. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा तार कोणाच्या लक्षात राहिली नाही.

दिवा शांत असेल तर मेन स्विच चालू करा आणि फक्त तो 60 वॅटचा बल्ब लावा. घड्याळ लावून दहा मिनिटं मोजा. 3200 पल्सच्या मीटरवर 32 लुकलुकी यायला हव्यात. मीटरवर 1600 छापलं असेल तर 16. व्होल्टेज 230 पेक्षा कमी असेल तर आकडा दोन-चारने कमी येईल, त्याची काळजी नको. ही प्रयोगशाळेतली तपासणी नाही, मीटरमधली दोन-तीन टक्क्यांची चूक हिच्यात दिसणार नाही. पण मीटर दुप्पट पळतोय की नाही, हे मात्र लख्ख दिसेल.

काहीजण गिझर लावून बघतात. 2000 वॅटचा गिझर थंड पाण्यावर पंधरा मिनिटं चालवला की अर्धं युनिट. तेही चालतं, पण संध्याकाळी व्होल्टेज 210 वर उतरलं की तोच गिझर 1670 वॅटच्या आसपास खातो आणि तुम्हाला मीटर मंद वाटतो. म्हणून बल्ब, आणि सकाळची वेळ.

नवा मीटर बसल्यावर बिल वाढलं असं म्हणणारे सगळेच चुकीचे असतात असं मात्र नाही. ही तक्रार मी शंभरेक घरांत ऐकली असेन, आणि तिच्यामागे खरी कारणं असतात. जुना चकतीचा मीटर वर्षानुवर्षं झिजून मंद झालेला असायचा. मोबाइलचा चार्जर, राउटर, झोपलेला टीव्ही एवढ्या बारीक ओढीने ती चकती हलायचीही नाही, आणि नवा मीटर ते सगळं मोजतो. तिथे बिल वाढतं ते आधी कमी येत होतं म्हणून.

दुसरं कारण जास्त त्रासाचं आहे आणि ते फार थोडे वायरमन तपासतात. जुना मीटर फक्त फेजच्या, म्हणजे घरात वीज आणणाऱ्या तारेतून जाणारा प्रवाह मोजायचा. आताचा मीटर फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, दोन्ही मोजतो आणि ज्यात जास्त असेल त्यावर युनिट धरतो. चोरी पकडण्यासाठी ही सोय केलेली आहे. पण घरातल्या वायरिंगमध्ये न्यूट्रल एकमेकांत गुंतलेले असतील तर प्रामाणिक माणसाला त्याचा भुर्दंड बसतो.

सांगलीत दोन भावांचं घर होतं. खाली थोरला, वर धाकटा, दोन मीटर. मीटर बदलल्यावर दोघांचंही बिल वाढलं, आणि दोघांनाही दुसऱ्यावर संशय. घरात बोलणं बंद होण्यापर्यंत गोष्ट गेली होती. मी क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती अडकवून प्रवाह मोजायचं यंत्र, लावलं तेव्हा थोरल्याच्या फेजमधून तीन अँपिअर जात होते आणि न्यूट्रलमधून जवळपास काहीच परत येत नव्हतं. धाकट्याच्या फेजमध्ये दोन आणि न्यूट्रलमध्ये पाच. जिन्यातला बोर्ड उघडला. तडकलेलं बॅकेलाइट, आत कोळ्याचं जाळं, आणि मागे तीन काळ्या तारा एकत्र पिळून वर कापडी टेप गुंडाळलेली. थोरल्याच्या हॉलचा न्यूट्रल धाकट्याच्या न्यूट्रलला जोडला होता, बहुधा जिन्यातला दिवा दोन्हीकडून लागावा म्हणून कधीतरी. थोरल्याचा मीटर ते तीन अँपिअर फेजवर मोजत होता आणि धाकट्याचा मीटर तेच तीन न्यूट्रलवर मोजत होता. एकच वीज दोनदा. दोन्ही मीटर अगदी बरोबर होते. तारा वेगळ्या करायला वीस मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात दोन्ही बिलं खाली आली.

तुमच्या घरात एकच मीटर आहे, त्यामुळे हा दोष तुमच्याकडे संभवत नाही. फक्त शेजारच्या घराशी एखादी भिंत किंवा बोअरची मोटर सामाईक असेल तर तेवढं बघून घ्या. मीटरवर अर्थचं चिन्ह किंवा तशी अक्षरं सतत दिसत असतील तर मला कळवा. गिझरचं कॉइल फुटून वीज जमिनीत उतरत असेल तरी तेच दिसतं, आणि तिथे प्रश्न बिलाचा कमी आणि जिवाचा जास्त असतो.

बल्बच्या चाचणीत आकडा खरोखर जास्त आला, तर वीज कंपनीच्या कार्यालयात मीटर तपासणीचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगून परत येऊ नका. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, त्याच्यावर विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथे वकील लावावा लागत नाही.

स्मार्ट मीटरबद्दल माझं मत विचारलंय म्हणून सांगतो. मीटर म्हणून तो चांगला आहे. रीडिंग घ्यायला माणूस यावा लागत नाही, घर बंद म्हणून सरासरी बिल येत नाही, रोजचा वापर मोबाइलवर दिसतो. केंद्राने 2023 मध्ये वीज ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि दिवसा, म्हणजे सौरऊर्जा भरपूर असते त्या तासांत, वीज स्वस्त ठेवायचं धोरण आणलं. वेळेनुसार मोजणारा मीटर नसेल तर ही सवलत ग्राहकाला देताच येत नाही. पण ज्या पद्धतीने हे मीटर आले ती चूक होती असं मला मनापासून वाटतं. आधी प्रीपेडची चर्चा, त्याला विरोध, मग जून 2024 मध्ये सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड मीटर बसवणार नाही अशी सरकारची घोषणा, आणि त्यानंतर पुन्हा बदली सुरू. या सगळ्यात घरातल्या माणसाला कोणी दारात उभं राहून सांगितलं नाही की हा काय मोजतो आणि कसा मोजतो. ज्याला शंका असेल त्याच्याकडे महिनाभर जुना आणि नवा मीटर शेजारी शेजारी लावून ठेवले असते, तेही फुकट, तर निम्म्या तक्रारी उद्भवल्याच नसत्या. पत्नीच्या माहेरी मीटर बदलला तेव्हा जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग कोणाला दाखवलंसुद्धा नव्हतं. तुमच्याकडे ते लिहून घेतलं होतं का? बदलीच्या कागदावर तो आकडा असायला हवा. नसेल तर मागून घ्या.

आता खरेदी. भाचा बरोबर बोलतोय, पण सगळे पंखे बदलायचं कारण नाही. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास खातो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास. जे तीन पंखे दिवसाला बारा तास फिरतात तेवढेच बदला. दिवसाला दीड युनिटाच्या वर, महिन्याला 49 युनिट वाचतील, आणि ते नेहमी वरच्या टप्प्यातलेच असतात. तुमच्या एप्रिलच्या बिलात त्याचे साडेसहाशे रुपये होतात. अडीच-तीन हजारांचा पंखा तीन-चार उन्हाळ्यांतच फिटतो. पाहुण्यांच्या खोलीतला पंखा वर्षातून वीस दिवस फिरतो, तो बदलून काहीच मिळणार नाही. आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकायला सांगा. त्याच्यामागून हा पंखा चालवला की पंखा घरघरतो नाहीतर आतलं सर्किट जातं, आणि मग लोक पंख्याला नावं ठेवतात. पंख्यांवर वीजबचतीचे तारे असणं जानेवारी 2023 पासून सक्तीचं आहे, तारे नसलेला पंखा दुकानदार स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नका.

एसी बदलू नका. वर्षातून एक महिना चालणाऱ्या एसीसाठी चाळीस हजार घालणं तुमच्या पेन्शनला परवडणारं नाही. त्याची जाळी धुऊन घ्या, 20 ऐवजी 25 वर लावा आणि सोबत पंखा मंद ठेवा. 1 जानेवारी 2020 पासून नवे एसी 24 वरच सुरू होतात, ते याच कारणाने. तुमचा जुना आहे, तो शेवटच्या आकड्यावर सुरू होतो, आणि नातवंडांनी तो आकडा 18 केलेला असणार. त्यांना एसी लावू द्याच, फक्त आकडा तेवढा बदला.

सोलर. इथे मी स्वतः धंद्यात आहे, तरी सांगतो, 5 किलोवॅट तुमच्यासाठी नाही. तुमचा वर्षाचा वापर दहा महिने 170 च्या आसपास आणि दोन महिने 400 धरला तरी 2500 युनिट होतो. पंखे बदलल्यावर दोन हजारांवर येईल. आपल्या भागात एका किलोवॅटला वर्षाची सरासरी दिवसाला चार युनिट धरायला हरकत नाही. म्हणजे 2 किलोवॅट वर्षाला 2900 च्या आसपास युनिट देतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरची उरलेली वीज कंपनीला देऊन बिलात वजा करून घ्यायच्या सोयीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यांत वळती होतात, पण आर्थिक वर्ष संपलं की शिल्लक युनिटांचा जो दर मिळतो तो तुम्ही विजेला मोजता त्यापेक्षा बराच कमी असतो. 5 किलोवॅट लावलेत तर निम्म्याहून जास्त वीज तुम्ही स्वस्तात विकत बसाल.

अनुदानाचं गणितही तेच सांगतं. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, आणि 78 हजारांच्या पुढे काही नाही. चौथ्या आणि पाचव्या किलोवॅटचा सगळा पैसा तुमचा. विकणाऱ्याचा फायदा मात्र प्रत्येक किलोवॅटला असतो. बिल शून्य होतं हेही खरं नाही, स्थिर आकार राहतोच. आणि सगळ्यात जास्त लपवली जाणारी गोष्ट म्हणजे बॅटरी नसलेलं सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर दुपारीसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव वाचावा म्हणून ते तसंच असायला हवं. पण लाइट गेल्यावर पंखे चालतील या आशेने कोणी घेत असेल तर ती फसवणूक होईल.

2 किलोवॅटला सावली नसलेली दोनशे चौरस फूट गच्ची लागते. तुमच्या गच्चीच्या दक्षिणेला पाण्याची टाकी आहे असं फोटोत दिसतंय. हिवाळ्यात सकाळी दहाला तिची सावली कुठपर्यंत येते ते बघायला हवं, कारण एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्या माळेतल्या बाकीच्यांनाही त्याचा फटका बसतो. म्हणून घाई नको. डिसेंबरपर्यंत थांबा, खडूने सावलीची रेघ ओढा, मग दोन-तीन जणांकडून दर मागवा.

इथे एक गोष्ट मला नेहमी खुपते. ज्याची स्वतःची गच्ची आहे त्याला अनुदान मिळतं, आणि ज्याच्या चाळीच्या खोलीवर पत्रा तापतो त्या भाडेकरूला या योजनेतून जवळपास काही मिळत नाही. त्याच्या घरी सरकारने तीन चांगले पंखे स्वस्तात पोचवावेत, असं मला फार वाटतं. 2015 मध्ये उजाला योजनेतून एलईडी बल्ब असेच घरोघरी गेले आणि बाजारातला भावही उतरला. एकत्र कुटुंबांचंही तसंच. आठ माणसं एका मीटरवर राहतात म्हणून तिसऱ्या टप्प्यात जातात, आणि तेवढीच माणसं दोन घरांत राहिली तर दुसऱ्या टप्प्यात राहतात. शंभर युनिटांखालच्या घरांना स्वस्त वीज मिळालीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण टप्पा ठरवताना घरात डोकी किती याचा विचार व्हायला हवा.

तर ताई, येत्या रविवारी सकाळी आठच्या सुमारास फ्रिजचा प्लग काढायला विसरू नका, बल्ब लावा आणि दहा मिनिटं मोजा. मीटरवरच्या पल्सच्या आकड्याचा एक फोटो आणि तुमची मोजणी, एवढंच कळवा. 3200 च्या मीटरवर 28 ते 34 च्या मध्ये आलं तर पंख्यांची मापं घेऊ. 40 च्या वर गेलं तर एखादा प्लग राहिलाय का ते बघून पुन्हा एकदा मोजा, आणि तरीही तसंच आलं तर तपासणीच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.